कोरी मासा : वऱ्हाडच्या पाण्यातली हौस आणि तिचा हिशेब

शोभेच्या माशांचा व्यापार आता मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपुरता किंवा कुर्ल्याच्या बाजारापुरता राहिलेला नाही. अकोला-अमरावतीत काचेच्या टाक्यांची दुकाने आहेतच; पण तालुक्याच्या गावीदेखील स्टेशनरीच्या किंवा पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात एका कोपऱ्यात दोन-चार टाक्या मांडलेल्या दिसतात. या टाक्यांच्या तळाशी मिशा हलवीत वाळू हुंगणारा एक लहानसा मासा असतो. दुकानदार त्याला ‘कोरी’ म्हणतात. आम्हा कापडवाल्यांना कोरा म्हटले की बिनधुतलेला लठ्ठा आठवतो. येथे मात्र ‘कोरी’ हे ‘कोरिडोरास’ या लॅटिन नावाचे बाजारी लघुरूप आहे.

हा मासा ‘टाकी साफ करणारा’ म्हणून विकला जातो आणि माझ्या मते याच एका चुकीच्या वर्णनामुळे तो सर्वात जास्त मरतो. साफसफाईचा नोकर समजून गिऱ्हाईक एकच नग नेते, त्याला वेगळे खाणे देत नाही, पाणी बदलण्याचीही गरज नाही असे समजते. महिनाभरात मासा पोट खपाटीला जाऊन मरतो आणि ते घर पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. मालाचे वर्णन खरे सांगणे हा जसा इमानाचा भाग आहे तसा तो धंद्याचाही आहे. जिवंत मालात त्याची किंमत फार लवकर चुकवावी लागते. कापडाचे थान वर्षभर कपाटात पडून राहिले तरी फार तर घडीवर पिवळे पडते. मासा थांबत नाही.

हा मासा कोण?

कोरी हा दक्षिण अमेरिकेतील नद्या-ओढ्यांचा मासा. आपल्याकडील मागूर, शिंगी, शिंगाळा यांच्याप्रमाणेच तो मिशीवाल्या माशांच्या मोठ्या गटातला आहे, परंतु त्याचे घराणे वेगळे. अंगावर खवले नसतात. दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात, जणू चिलखत घातले आहे. नावाचा अर्थही ग्रीक भाषेत शिरस्त्राण व कातडीचे कवच असाच काहीसा होतो. पोटाची बाजू मात्र उघडी व नाजूक असते. पुढे औषधांचा विषय येईल तेव्हा हे लक्षात ठेवावे.

दीडशेहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदल्या आहेत. आपल्या बाजारात येतात त्या चार-पाच. पितळी रंगाची ‘ब्राँझ’ आणि तिचाच पांढरा, लाल डोळ्यांचा प्रकार ‘अल्बिनो’. राखी अंगावर काळे ठिपके असलेली ‘पेपर’. डोळ्यांवर काळा पट्टा असलेली ‘पांडा’. पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा व नारिंगी काट्यांची ‘स्टर्बाय’. आणि जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरची ‘पिग्मी’. बाकीच्या पाच ते सात सेंटिमीटरपर्यंत वाढतात. ‘पेपर’ या जातीचा इतिहास थोडा गमतीचा आहे. चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून १८३१ ते १८३६ या काळात फिरला तेव्हा त्याने जमविलेल्या माशांत ही जात होती. जेनिन्स या अभ्यासकाने १८४२ मध्ये तिचे वर्णन छापले आणि १८७८ मध्ये पॅरिसमध्ये कार्बोनिए यांनी काचेच्या टाकीत तिची पैदासही केली. म्हणजे हा मासा माणसाच्या घरात येऊन जवळजवळ दीडशे वर्षे झाली. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी कोरिडोरास या एका वंशाचे अनेक वंश पाडले, त्यामुळे इंग्रजी पुस्तकात व नव्या यादीत नाव वेगळे आढळल्यास गोंधळून जाऊ नये. बाजारात सर्व कोरीच आहेत.

आपल्याकडे येणारा बहुतेक माल अमेझॉनहून येत नाही. चेन्नईजवळचे कोळत्तूर आणि कलकत्त्याच्या आसपासची गावे ही शोभेच्या माशांच्या पैदाशीची मोठी केंद्रे आहेत. काही माल सिंगापूर व थायलंडहून येतो. कलकत्त्यातील गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार या धंद्यात मशहूर आहे. टाकीत जन्मलेला मासा जंगली माशापेक्षा आपल्या पाण्याला लवकर सरावतो. आपल्या दृष्टीने हा मोठाच फायदा.

दोन गोष्टी त्याच्या स्वभावाबद्दल. पहिली ही की हा मासा एकटा राहू शकत नाही. निसर्गात तो झुंडीने फिरतो, म्हणून एकाच जातीचे किमान सहा नग एकत्र ठेवावेत. एकटा नग दिवसभर कोपऱ्यात दबून बसतो आणि मग गिऱ्हाईक म्हणते, मासा सुस्त आहे. दुसरी गोष्ट, तो अधूनमधून बाणासारखा वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. शिंगी आणि मागूर हवा घेतात ते आपण पाहिलेले आहे; त्यांचे हवेचे अवयव कल्ल्यांपाशी असतात. कोरी मात्र हवा गिळून आतड्यातून प्राणवायू शोषते. अधूनमधून घोट घेणे स्वाभाविक आहे. पाच-दहा मिनिटांत सगळेच नग पुन्हा पुन्हा वर धावू लागले तर पाणी बिघडले असे समजावे.

झाडूवाला नव्हे

कोरी वाळूत तोंड खुपसते ती किडे, अळ्या व अन्नाचे कण शोधण्यासाठी. ती विष्ठा खात नाही, काचेवरचे हिरवे शेवाळ चाटत नाही. उलट तीही इतर माशांप्रमाणेच पाण्यात घाण टाकते. वरच्या माशांनी सोडलेले चार कण तिच्या वाट्याला येतात त्यावर तिचे पोट भरत नाही. तिला तळाशी बुडणारी गोळी लागते आणि ती रात्री दिवा मालवल्यावर टाकावी, म्हणजे वरचे मासे ती पळवीत नाहीत. आठवड्यातून दोनदा गोठवलेल्या लाल अळ्या किंवा आर्टिमिया दिल्यास अंग भरते. नाल्यातल्या जिवंत ट्युबिफेक्स अळ्या स्वस्त मिळतात. त्यांच्याबरोबर रोग येतो, म्हणून मी त्या टाळतो.

तळाला बारीक, गोल कणांची वाळू हवी. रंगीत धारदार खडे दिसायला झगमगीत असतात, पण त्यांवर मिशा घासतात, आणि खड्यांच्या फटीत साचलेल्या सडक्या अन्नामुळे त्या झडतात. मिशा गेलेली कोरी म्हणजे हात गेलेला शिंपी. वाळू चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. आपल्या मातीत चुनखडीचे खडे फार. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर चुना आहे, ती वाळू घेऊ नये; ती पाण्याचा जडपणा वाढवीत राहते.

पाणी आणि मीठ

आता आपल्या भागाच्या खऱ्या अडचणीकडे येऊ. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरलेला आहे. तेथल्या विहिरी व बोअरचे पाणी खारट. बार्शीटाकळी या पट्ट्याच्या दक्षिणेला, काटेपूर्णेच्या बाजूला असल्याने आपली स्थिती बरी आहे. तरीही बोअरचे पाणी जड असते. तालुक्यातील महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी अकोला शहराला जाते. असे साठवणीचे पाणी बोअरपेक्षा बरेच हलके पडते. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गिऱ्हाइकाला मासा विकताना दुकानदाराने पहिला प्रश्न विचारावा तो हा : घरी पाणी कुठले?

कोरीला मीठ सोसत नाही. हे ठळक सांगण्याचे कारण असे की बऱ्याच दुकानांत रोग येऊ नये म्हणून प्रत्येक टाकीत मूठभर मीठ टाकण्याची रीत आहे. मोलीसारख्या माशाला ते मानवते, कोरीला नाही. खारपाण पट्ट्यातले पाणी आणि वर पुन्हा मीठ, मग मासा किती दिवस काढणार? औषधांचेही तसेच. तांबे, फॉर्मालिन किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधे इतर माशांच्या अर्ध्या मात्रेने सुरू करावीत.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर हातात मावेल एवढा असतो. दुकानदाराने तो ठेवावाच. घरात पैदास झालेली कोरी तीनशेच्या आसपासच्या पाण्यात खुशाल राहते. आकडा फार चढा असेल तर आरओ यंत्राचे पाणी मिसळावे. निव्वळ आरओचे पाणी वापरू नये, त्यात क्षार जवळजवळ नसतात व पाण्याचा आम्लपणा एकाएकी वाढतो. पावसाचे पाणीही उत्तम. पहिल्या एक-दोन सरींनी गच्ची धुऊन जाऊ द्यावी, मग स्वच्छ स्लॅबवरचे धरावे. गंजक्या टिनावरचे नको.

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा क्लोरीन असतो. ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा ‘हायपो’चे थोडे खडे टाकावेत. जुन्या फोटो स्टुडिओत फिल्म धुताना जो हायपो वापरीत, तोच हा सोडियम थायोसल्फेट.

नवी टाकी भरली आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, असे करू नये. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट करतात, तेही विषारीच; दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सुसह्य. ही व्यवस्था बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दूध आपोआप दही होत नाही, विरजण लागते. तसाच चालू टाकीतला मळका स्पंज नव्या फिल्टरमध्ये टाकला तर काम लवकर होते. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने विरजणच मरते. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे.

मे महिना

अमेझॉनच्या नावाने लोकांना वाटते, हा मासा उष्णतेचा भुकेला असेल. वास्तविक झाडांच्या सावलीतल्या ओढ्यात वाढलेला हा जीव आहे आणि बहुतेक जातींना २२ ते २६ अंश पाणी आवडते. स्टर्बाय २८-३० अंशांपर्यंत सोसते. म्हणून अकोला जिल्ह्यात धंदा करणाऱ्याने पांडापेक्षा स्टर्बाय ठेवावी, आणि पेपर तर उन्हाळ्यात मागवूच नये. पाणी जितके तापते तितका त्यातला प्राणवायू कमी : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. मासा तापतो आणि त्याच वेळी त्याचा श्वासही तुटतो.

बाहेर ४५ अंश असताना पाणी २८ वर ठेवायचे कसे? यंत्र महाग आहे. पण वऱ्हाडची उन्हाळी हवा कोरडी आहे आणि तीच आपली दौलत आहे. रांजणातले पाणी ज्या कारणाने गार होते, कुलर ज्या कारणाने आपल्याकडे चालतो व कोकणात चालत नाही, तेच कारण टाकीला लावावे. वरचे झाकण काढून जाळी बसवावी आणि लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावावा. बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश उतरते, कोरड्या दिवशी त्याहूनही जास्त. टाकी तळमजल्यावर, उत्तरेच्या किंवा आतल्या भिंतीला असावी. टिनाच्या छपराखाली नको. बर्फाच्या बाटल्या टाकणारे असतात. त्याने दुपारी पाणी एकदम उतरते व रात्री पुन्हा चढते. हा चढउतार माशाला तापाइतकाच वाईट.

पंख्याने उडालेले पाणी भरून काढावे लागते, पण येथे एक बारकी गोष्ट आहे. पाणी उडते, क्षार उडत नाहीत. रोज बोअरचे पाणी वरून ओतत राहिले तर महिन्याभरात टाकीतच खारपाण पट्टा तयार होतो! उडालेले पाणी आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याने भरावे, बदलायचे पाणी नेहमीचे असू द्यावे.

वीज गेल्यास कोरी हवेचे घोट घेऊन इतर माशांपेक्षा जास्त वेळ तग धरते, पण स्पंजातले जिवाणू मरू लागतात. बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवावा. पाच वॅटचा साधा पंप अखंड चालला तरी महिन्याला ३.६ युनिट वीज खातो, म्हणजे फार नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री टाकीला हिटर लागतो. पेपरला मात्र थंडी मानवते.

टाकी बनविणाऱ्यांसाठी

या धंद्यात मासे विकणाऱ्यापेक्षा काचकाम, फॅब्रिकेशन व सुतारकाम करणाऱ्या कारागिरांना अधिक वाव आहे असे मला वाटते. आयते काम शहरातून येते, त्यात वाहतुकीत फुटतूट होते. गावात बनविलेली टाकी मापाची व स्वस्त पडते. सहा ते आठ कोरींसाठी २४ × १२ × १२ इंचाची टाकी पुरते, काच ५ मिलिमीटर. तळ २४ × १२, पुढचा-मागचा तुकडा २४ × १२. बाजूचे दोन तुकडे मात्र पुढच्या-मागच्या काचेच्या आत बसतात, म्हणून त्यांची रुंदी १२ इंचांतून १० मिलिमीटर वजा करून कापावी. नवशिका येथेच फसतो आणि बाजू बाहेर डोकावते. कडा घासून घ्याव्यात. सिलिकॉन बाथरूमचा, बुरशीरोधक घेऊ नये. त्यात माशाला मारणारे द्रव्य असते. जोड दोन दिवस वाळू द्यावा आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी टाकी भरून एक रात्र कागदावर ठेवावी, गळती असल्यास कागद सांगतो.

दहा इंच पाणी भरले तर ते ४७ लिटर होते. काच नऊ-साडेनऊ किलो आणि वाळू धरली तर एकूण वजन ६५ ते ७० किलो. एवढे वजन दिवसरात्र पेलणारा स्टँड हवा. टीव्हीचे जुने टेबल चालत नाही. टाकीखाली थर्मोकोलची शीट घालावी. उंच, अरुंद टाक्या शोभिवंत दिसतात, परंतु कोरी तळावर जगते, तिला उंचीचा उपयोग नाही. गिऱ्हाइकाला लांब-रुंद टाकी घ्यायला सांगावे.

माल पारखणे

थान उलगडून, उजेडाला धरून ऐब पाहिल्याशिवाय आपण कापड घेत नाही. मासाही तसाच पाहावा. मिशा शाबूत आहेत का, पोट आत गेले आहे का, डोळे स्वच्छ आहेत का, पर आखडलेले आहेत का, पोटाच्या बाजूला लाल चट्टे आहेत का. समोर खाणे टाकायला सांगावे. जो नग धावत नाही तो घेऊ नये. घाऊक बाजारात एका टाकीत दोन मेलेले नग पडलेले दिसले तर त्या टाकीतला तिसरा घेऊ नये, भाव कितीही कमी सांगो.

आणि रंग! बाजारात निळ्या, गुलाबी, हिरव्या कोरी दिसल्या तर समजावे की बहुधा पांढऱ्या अल्बिनो कोरीला सुईने रंग टोचला आहे. कापडातला कच्चा रंग पहिल्या धुण्यात उतरतो. माशातला काही महिन्यांत फिका पडतो, तोवर टोचलेल्या जागी रोग होऊन कित्येक नग मेलेले असतात. अशी कोरी मुले हटकून मागतात आणि दुकानदाराला मोह होतो. मुक्या जिवाला टोचून सजवणे आणि तो रंग जन्मजात म्हणून विकणे, दोन्ही वाईट. हा माल ठेवू नये.

नवा माल आला की दोन ते तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. शिवण्याआधी कापड भिजवून आटवून घेतात, तसेच हे आहे. जे आटायचे ते आपल्याकडे आटो, गिऱ्हाइकाच्या घरी नको.

हिशेबाची गोष्ट अशी. समजा ४० रुपयांप्रमाणे ५० नग घेतले, २,००० रुपये झाले. वाहतूक ४०० आणि तीन आठवड्यांचे खाणे-वीज ३०० धरा; एकूण २,७००. आठ नग मेले तर उरलेल्या ४२ नगांची पडती किंमत ६४ रुपयांच्या वर जाते. फक्त दोन मेले तर ४८ नगांची सव्वाछप्पन्न. ४० ला घेतलेला माल ६० ला विकून ५० टक्के नफा झाला, असे वहीत मांडणारा पहिल्या प्रकारात नगामागे चार रुपये घरातून घालीत असतो. जिवंत मालाच्या वहीत मेलेल्या नगांचा रकाना सर्वात आधी आखावा. नफा घाऊक भाव घासून मिळवण्यापेक्षा मरतूक कमी करून मिळवणे सोपे आहे.

पावसाळा आणि पैदास

जागा आणि धीर असलेल्या घराने पैदासीचा विचार करावा. हे काम स्त्रियाही घरबसल्या करू शकतात. ब्राँझ आणि पेपर या सर्वात सोप्या जाती. वरून पाहिल्यास मादी रुंद दिसते, नर सडपातळ. एका मादीला दोन नर, दोन-तीन आठवडे भरपूर खाणे, आणि मग नेहमीपेक्षा काही अंश थंड, हलक्या पाण्याचा मोठा बदल. तिकडे पावसाळ्याचे पाणी ओढ्यात शिरते तेव्हा हा मासा अंडी घालतो. थंड पाण्याने त्याला वाटते पाऊस आला. आपल्याकडे जून-जुलैत पहिल्या झडीबरोबर टाकीत न सांगता अंडी सापडतात ती यामुळेच.

मादी पोटाखालच्या परांची झोळी करून त्यात थोडी थोडी अंडी धरते आणि काचेवर किंवा पानावर चिकटवते. ब्राँझच्या मादीत फलन कसे होते यावर जपानी अभ्यासकांनी १९९५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला : ती नराचे बीज तोंडाने घेते व ते आतड्यातून झपाट्याने मागे, झोळीतल्या अंड्यांपर्यंत पोहोचते. हवा गिळणारे आतडे येथेही कामी येते. कुदरतीचा हा प्रकार वाचून मी बराच वेळ टाकीसमोर बसलो होतो.

आईबाप अंडी खातात. अंडी चिवट असतात, ती बोटाने अलगद सोडवून वेगळ्या डब्यात हवेच्या बारीक बुडबुड्यांखाली ठेवावीत, मिथिलीन ब्ल्यूचे काही थेंब टाकावेत. पांढरी पडलेली अंडी रोज काढावीत, नाहीतर बुरशी शेजारच्यांना धरते. तीन ते पाच दिवसांत पिले निघतात, दोनेक दिवस पिशवीतल्या पिवळ्या बलकावर जगतात; नंतर ताजी उबवलेली आर्टिमिया दिवसातून दोन-तीनदा द्यावी. विकण्याजोगा नग व्हायला अडीच-तीन महिने लागतात.

सरकारी मदतीविषयी वाचक विचारतील. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मासे संगोपन युनिटची किंमत ३ लाख, मध्यम युनिटची ८ लाख धरली होती. सर्वसाधारण अर्जदाराला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. योजनेच्या मुदती व अटी बदलत असतात, म्हणून अर्जाआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. अनुदान बहुधा काम झाल्यावर मिळते. भांडवल आधी आपले घालावे लागते. पहिल्या वर्षी दोन टाक्यांवर हात बसवावा, मग कागदपत्रे काढावीत.

धरणात सोडू नका

कोरीच्याच दुकानात आणखी एक दक्षिण अमेरिकन मिशीवाला मिळतो. त्याला ‘सकर’ म्हणतात. दोन-तीन इंचाचा, काचेला चिकटणारा, स्वस्त. तो फूटभराहून मोठा होतो, मग टाकीत मावत नाही आणि लोक दया म्हणून त्याला नदीत, तलावात सोडतात. या दयेचे फळ देशातल्या कित्येक जलाशयांत दिसते आहे. आपल्या राज्यात उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत हा काटेरी, खाण्यात न खपणारा मासा येऊ लागला आहे. तो जाळी फाडतो आणि देशी माशांचे अन्न, जागा घेतो. आफ्रिकन मागुरावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी आणली तिचे कारणही असेच होते : परका मासा देशी माशाला खाऊन संपवतो.

महानच्या धरणावर भोई बांधवांची रोजी अवलंबून आहे. दुकानदाराने सकर विकूच नये, आणि कोरीसकट कोणताही नकोसा झालेला मासा परत घेण्याची तयारी ठेवावी. तशी पाटी दुकानात लावावी. परत आलेला निरोगी नग फुकट मिळालेला माल आहे, त्यात तोटा नाही.

माल मागवताना

कलकत्त्याचा माल आपल्याला सोयीचा, कारण अकोला हावडा-मुंबई मुख्य मार्गावर आहे. मागणी ऑक्टोबर ते फेब्रुवारीत द्यावी. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत पेटी मागवू नये, फलाटावरच्या एका दुपारीत सारा माल जातो. व्यापाऱ्याला सांगावे की मासे एक दिवस उपाशी ठेवून भरावेत, पिशवीत एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायू असावा, पेटी थर्मोकोलची असावी. कोरीसाठी पिशवी दुहेरी हवी. तिच्या पाठीवरचा व बाजूच्या परांचा पहिला काटा ताठ होऊन अडकतो आणि साधी पिशवी भोसकतो. त्याच कारणाने जाळीने धरू नये, वाटीने उचलावे. काटा बोटाला लागला तर ठणकतो.

घाबरलेली कोरी अंगातून विषारी द्रव सोडते, त्यात प्रवासाचा अमोनिया मिसळलेला असतो. म्हणून पिशवीतले पाणी टाकीत कधीही ओतू नये. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीवर तरंगत ठेवावी, दिवा बंद असावा. पिशवी उघडल्यावर वेळ लावू नये. आतला कोंडलेला वायू निघून जातो तसा तोच अमोनिया अधिक जहरी होतो. टाकीचे थोडे पाणी दोन-तीनदा पिशवीत घालून, मासे वाटीने उचलून सोडावेत. त्या दिवशी खायला काही देऊ नये. दुसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर अर्धी गोळी टाकावी आणि सकाळी ती संपली आहे का ते पाहावे.